अक्षरांना रंग, वारांना जागा: सिनेस्थेशियाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला अक्षरं, आकडे आणि वार रंगीत जाणवतात. माझ्या धाकट्या बहिणीलाही जाणवतात, पण तिचे रंग वेगळे आहेत. कुणाला हे कळलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते आणि त्यातले बहुतेक प्रश्न तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. माझा स्वतःचा अनुभव सांगताना तसं म्हटलं आहे, बाकीचं संशोधकांनी तपासून पाहिलेलं आहे.

सिनेस्थेशिया म्हणजे नेमकं काय?

एक जाणीव झाली की तिच्या सोबतीने, आपोआप, दुसऱ्याच प्रकारची जाणीव उमटणं. कुणाला आवाज ऐकला की रंग दिसतो, कुणाला शब्द वाचला की जिभेवर चव येते, कुणाला वर्षाचे बारा महिने स्वतःभोवती ठरावीक जागी मांडलेले जाणवतात.

यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, ती जोडीची जाणीव मुद्दाम आणावी लागत नाही आणि थोपवताही येत नाही. दुसरी, ती बहुतेकांना आठवतं तेव्हापासून असते. तिसरी, ती वर्षानुवर्षं जवळपास तशीच राहते. माझा ५ हिरवा आहे. तो शाळेत हिरवा होता आणि आजही हिरवाच आहे. उलट दिशेने मात्र सहसा काही होत नाही. हिरवं झाड पाहून मला पाच हा आकडा आठवत नाही.

सुरुवात दर वेळी डोळ्याकानांपासूनच होते असंही नाही. 'मंगळवार' हा दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला वास नाही. तरी त्याला रंग असतो. म्हणून 'इंद्रियांची सरमिसळ' हे वर्णन मला अपुरं वाटतं. कितीदा तरी इथे एखादी कल्पना आणि एखादं इंद्रिय यांचं लग्न लागलेलं असतं.

म्हणजे पुस्तकातली काळी शाई तुम्हाला रंगीत दिसते?

मला नाही. शाई काळीच दिसते. 'क' वाचला की त्याच क्षणी विटकरी रंग मनात हजर होतो, एवढंच. तो पानावर नसतो आणि मी बोलावलेलाही नसतो.

पण सगळ्यांचं असं नसतं. काही जणांना रंग खरोखरच बाहेर दिसतो, अक्षरावर पसरलेला किंवा अक्षराच्या थोडा वर तरंगणारा. २००४ साली कॅनडातल्या डिक्सन, स्मिलेक आणि मेरिकल या संशोधकांनी हे दोन गट प्रयोगात वेगळे करून दाखवले. रंगीत शाईत छापलेलं अक्षर दाखवायचं आणि कधी शाईचा रंग विचारायचा, कधी त्या अक्षराचा मनातला रंग. बाहेर रंग पाहणाऱ्यांना मनातला रंग सांगणं सोपं गेलं आणि शाईचा रंग सांगताना ते अडखळले. आत रंग जाणवणाऱ्यांचं उलट झालं. बहुसंख्य सिनेस्थेट, म्हणजे सिनेस्थेशिया असलेली माणसं, या दुसऱ्या, आतल्या गटातले असतात. त्यातही छटा आहेत. कुणाला मनाच्या पडद्यावर स्पष्ट रंग येतो, तर कुणाला काहीच 'दिसत' नाही, पण हा आकडा पिवळा आहे हे पक्कं माहीत असतं.

रामचंद्रन आणि हबर्ड या मेंदूसंशोधकांनी नोंदवलेलं एक उदाहरण मला फार विलक्षण वाटतं. एका माणसाला रंगांधत्व होतं, म्हणजे डोळ्यांतून काही रंग त्याला नीट कळतच नव्हते. पण आकडे पाहिले की त्याच्या मनात असे रंग येत जे त्याने बाहेरच्या जगात कधी पाहिले नव्हते. 'परग्रहावरचे रंग' असं त्याने त्यांना म्हटलं. डोळे जे देऊ शकत नव्हते ते मेंदू स्वतःच तयार करत होता.

यात प्रकार किती?

मोजदाद करणाऱ्यांनी अनेक डझन प्रकार नोंदवले आहेत. सतत भेटणारे काही असे:

अक्षर-आकड्यांना रंग. वार आणि महिन्यांना रंग, जो सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारांपैकी एक आहे. संगीताला रंग आणि आकार. आकड्यांना, महिन्यांना जागा. अक्षरं-आकड्यांना स्वभाव, म्हणजे सात तुसडा, तीन लाजाळू. दुसऱ्याच्या गालाला हात लागलेला पाहिला की आपल्या गालावर स्पर्श जाणवणं. २००९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात हा शेवटचा प्रकार सुमारे १.६ टक्के लोकांत आढळला.

शब्दांना चव असण्याचा प्रकार फार दुर्मीळ, आणि माझ्या मते सगळ्यात थक्क करणारा. ब्रिटनमधले जेम्स वॉनर्टन यांना प्रत्येक शब्दाची चव येते. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांच्या नावांच्या चवींचा त्यांनी अख्खा नकाशाच बनवला आहे. त्यांच्यावर अभ्यास करणाऱ्या वॉर्ड आणि सिमनर यांना दिसलं की या चवी बहुतांशी लहानपणी खाल्लेल्या पदार्थांच्या असतात. शिवाय ज्या शब्दाला जी चव येते, त्या शब्दात आणि पदार्थाच्या नावात बरेचदा एखादा ध्वनी सामाईक असतो. म्हणजे ही जोडी भाषा शिकण्याच्या वयात कुठेतरी जुळलेली असते.

मला वर्ष गोल दिसतं, जानेवारी वर डावीकडे आणि मे खाली. हेही त्यातच येतं का?

हो. बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळ्यांनाच होत असणार, म्हणून ते कुणापाशी बोलत नाहीत. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० साली अशा आकड्यांच्या रांगांची चित्रं लोकांकडून काढून घेऊन छापली होती. कुणाची रांग सरळ, कुणाची बारापर्यंत घड्याळासारखी गोल आणि पुढे वळणं घेत जाणारी, कुणाची शंभरापाशी एकदम चढणारी. आज ती चित्रं पाहिली तरी त्यातला माणसामाणसांतला फरक डोळ्यांत भरतो.

माझ्या बहिणीचा आठवडा तिच्या छातीपासून डाव्या खांद्याकडे जातो आणि रविवार तिच्या मागे असतो. 'पुढच्या गुरुवारी ये' म्हटलं की तिची नजर एका ठरावीक जागी जाते. मी हे तिला दाखवून देईपर्यंत तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

एकाच प्रकारच्या दोन सिनेस्थेटांचे रंग जुळतात का?

सहसा नाही. दोघं भेटले की पहिली दहा मिनिटं 'छे, आठ कसा काय निळा?' यातच जातात. माझा गुरुवार अंजिरी आहे, बहिणीचा लिंबू. आई एक, घर एक, शाळा एक, तरी.

पण हजारो लोकांची उत्तरं एकत्र केली की काही कल दिसतात. इंग्रजीतलं 'ए' बऱ्याच जणांना लाल असतं, 'ओ' पांढरं. २०१८ च्या एका अभ्यासात इंग्रजी, डच, स्पॅनिश, जपानी आणि कोरियन या भाषांत हे तपासलं गेलं, तेव्हा असं दिसलं की लिपीत जे अक्षर पहिलं येतं ते लाल असण्याचा कल मोठा आहे. पहिलेपणाचं आणि लाल रंगाचं काहीतरी नातं असावं.

खेळण्यांचाही वाटा असतो. अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीचा फ्रिजवर चिकटवायच्या रंगीत अक्षरांचा संच १९७० च्या दशकापासून घराघरांत होता. २०१५ साली ६,५८८ सिनेस्थेटांचे रंग तपासले, तर सुमारे ४०० जणांचे, म्हणजे ६ टक्क्यांचे रंग त्या संचाशी मोठ्या प्रमाणात जुळत होते. उरलेल्या ९४ टक्क्यांचे कुठून आले, हा प्रश्न राहतोच. माझ्या अंकलिपीत 'क कमळाचा' होता आणि कमळ चांगलं गुलाबी होतं. माझा 'क' विटकरी तो विटकरीच.

देवनागरीत हे कसं चालतं? काना, मात्रा, जोडाक्षरं यांचं काय?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. यातलं पहिलं सगळं माझ्यापुरतं आहे, तुमचं वेगळं असेल.

माझा 'क' विटकरी, 'म' अंजिरी, 'र' राखाडी, 'स' मोतिया, 'ळ' काळपट मोरपंखी. कान्याला स्वतःचा रंग नाही. तो ज्या अक्षराला लागतो त्याचा रंग फक्त उजळ करतो, त्यामुळे 'का' हा 'क'पेक्षा तांबूस. वेलांट्या मात्र रंग पातळ करतात. 'कि' आणि 'की' हे धुतलेल्या विटकरी रंगाचे आहेत, आणि ऱ्हस्व-दीर्घात मला रंगाने काही फरक कळत नाही, त्यामुळे शुद्धलेखनात याचा काडीचाही उपयोग झालेला नाही. अनुस्वार हा पांढरा ठिपका. जोडाक्षरात पहिलं अर्धं अक्षर कडेला राहतं आणि पूर्ण अक्षराचा रंग मधोमध येतो. अपवाद 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचा. ते जोडाक्षर म्हणून मला जाणवतच नाहीत, त्यांचे रंग स्वतंत्र आहेत, क्ष शेवाळी आणि ज्ञ गडद जांभळा.

शब्दाला मात्र, वार सोडले तर, पहिल्या अक्षराचा रंग लागतो. 'कमळ' हा शब्द तीन रंगांचा असायला हवा, पण लांबून पाहिला तर विटकरीच, जवळ गेलं की आतला अंजिरी आणि मोरपंखी दिसतो. पहिल्या अक्षराचं हे वजन इंग्रजी सिनेस्थेटांतही पुष्कळदा आढळलेलं आहे.

आकड्यांचं निराळं. मराठी ५ आणि इंग्रजी पाच यांचं वळण अगदी वेगळं, पण माझ्यासाठी दोन्ही हिरवे. म्हणजे माझ्याकडे रंग आकाराला लागलेला नाही, 'पाच' या कल्पनेला किंवा नावाला लागलेला आहे. जपानमध्ये याचाच पद्धतशीर अभ्यास झाला. जपानीत एकच ध्वनी हिरागाना आणि काताकाना अशा दोन लिप्यांत लिहिता येतो. असानो आणि योकोसावा यांना २०११ मध्ये आढळलं की दोन्ही लिप्यांतल्या त्याच ध्वनीला सिनेस्थेट जवळपास तोच रंग देतात, अक्षराचा आकार कितीही वेगळा असो.

रंग नव्या लिपीत किती झटकन जातात हेही तपासलं गेलं आहे. २००९ मध्ये जर्मनीत सिनेस्थेटांना ग्लॅगोलिटिक ही जुनी स्लाव्ह लिपी शिकवली. दहाएक मिनिटं लिहिण्याचा सराव झाला आणि नव्या अक्षरांना ओळखीच्या अक्षरांचे रंग चढले. मराठी माध्यमातून पाचवीत इंग्रजी शिकायला लागलेल्या आमच्या पिढीतल्या सिनेस्थेटांना हे वाचून नवल वाटणार नाही. माझा इंग्रजी 'के' पहिल्या दिवसापासून विटकरी होता.

हे मनाचे खेळ नाहीत कशावरून? लहानपणी कल्पना केली आणि ती चिकटून राहिली, असं का नसेल?

शंका रास्त आहे. कित्येक वर्षं शास्त्रज्ञांनाही तीच होती, म्हणून विसाव्या शतकाच्या मधल्या काळात हा विषय जवळजवळ टाकून दिला गेला होता.

तो परत आला तो सातत्याच्या चाचणीमुळे. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सिनेस्थेटांना शब्दांचे रंग विचारले आणि वर्षभराने, आधी न सांगता, पुन्हा विचारले. ९२ टक्के उत्तरं जुळली. सिनेस्थेशिया नसलेल्यांना अवघ्या आठवड्याने विचारलं तर सुमारे ३८ टक्केच जुळली. १९८७ पासून वापरात आलेली ही पद्धत आज संगणकावर, लाखो छटांमधून रंग निवडायला लावून वापरतात.

दुसरा पुरावा वेळेचा. ज्याचा ५ हिरवा आहे त्याला लाल शाईतला ५ दाखवून शाईचा रंग विचारला, की उत्तर किंचित उशिरा येतं. हा सेकंदाचा अंश ठरवून आणता येत नाही.

तिसरा प्रयोग व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांचा, २००१ चा. इंग्रजी दोन आणि पाच चौकोनी वळणाने लिहिले की एकमेकांची आरशातली प्रतिमा होतात. पाचांच्या गर्दीत काही दोन पेरून त्यांचा त्रिकोण केला. बाकीच्यांना तो शोधावा लागला, सिनेस्थेटांना रंगामुळे लवकर सापडला. पुढच्या अभ्यासांत हा फायदा इतका ठळक निघाला नाही, कारण रंग उमटायला आधी त्या आकड्याकडे लक्ष जावं लागतं. माझाही अनुभव हाच आहे. नजरेच्या कडेला असलेल्या आकड्याला रंग नसतो.

मग मेंदूत काय चालतं?

मेंदूत रंग ओळखणारा एक भाग आहे, त्याला व्ही-४ म्हणतात. २००२ मध्ये लंडनच्या एका गटाने शब्द ऐकले की रंग दिसणाऱ्यांचे मेंदू तपासले. फक्त शब्द ऐकवले असताना त्यांच्यात हा भाग जागा झालेला आढळला. ज्यांना शब्द-रंगांच्या जोड्या पाठ करून रंगांची कल्पना करायला लावली होती त्यांच्यात तसं झालं नाही. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा निकाल आला नाही, हेही सांगायला हवं.

स्पष्टीकरणं मुख्यतः दोन आहेत. एक म्हणजे अक्षर ओळखणारा आणि रंग ओळखणारा हे भाग मेंदूत शेजारी-शेजारी आहेत आणि काहींच्या बाबतीत त्यांच्यातल्या जोडण्या जास्त असतात. बाळाच्या मेंदूत जोडण्या भरपूर असतात आणि वाढताना त्यातल्या अनेक छाटल्या जातात, ती छाटणी इथे कमी झालेली असू शकते. दुसरं स्पष्टीकरण म्हणजे जोडण्या सगळ्यांच्या सारख्याच, पण मेंदूतल्या पुढच्या टप्प्यावरून मागे येणारा, एरवी दबून राहणारा उलटा संदेश सिनेस्थेटांत दबत नाही. एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या द्रव्याने काही तासांपुरते आवाजांना रंग येतात, ही गोष्ट दुसऱ्या बाजूने बोलते. इतक्या कमी वेळात नव्या जोडण्या तयार होणं शक्य नाही. मला वाटतं प्रकार वेगळे तशी कारणंही वेगळी निघतील.

घराण्यात चालत येतं का?

बरेचदा.

एकच जनुक जबाबदार नाही. २०१८ मध्ये तीन कुटुंबांचा अभ्यास झाला. प्रत्येकात वेगळे जनुकीय फरक सापडले, पण त्यांतले बरेच फरक चेतापेशींचे तंतू वाढण्याशी निगडित होते. वारसा मिळतो तो प्रवृत्तीचा, रंगांचा नाही. कधी प्रकारही बदलतो, आईला वारांचे रंग आणि मुलाला संगीताचे. एकसारख्या जुळ्यांत एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, असंही आढळलं आहे.

किती लोकांना असतं? बायकांना जास्त असतं ना?

जुने आकडे वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन मिळवलेले होते. त्यात दोन हजारांत एक, आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी पट, असं निघालं. पण जाहिरात वाचून पत्र कोण लिहितं, हाच तिथे मोठा प्रश्न होता. ज्युलिया सिमनर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये स्कॉटलंडच्या दोन विद्यापीठांतल्या ५०० जणांना सरसकट तपासलं, तेव्हा कोणता ना कोणता प्रकार ४.४ टक्क्यांत आढळला. स्त्री-पुरुषांत लक्षणीय फरक नव्हता. या हिशेबाने पन्नास मुलांच्या वर्गात दोघं तरी असावीत.

तसं थोडंफार सगळ्यांनाच असतं, नाही का?

इंद्रियांचं एकमेकांशी बोलणं सगळ्यांतच चालतं. एक टोकदार आणि एक गोलसर आकृती दाखवून 'बूबा कोण आणि किकी कोण?' असं विचारलं, तर बहुतेक लोक टोकदार आकृतीला किकी म्हणतात. मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी १९२९ मध्येच असा प्रयोग वेगळ्या शब्दांनी मांडला होता. रामचंद्रन यांनी तो इंग्रजी आणि तमिळ भाषकांत करून पाहिला. अलीकडे पंचवीस भाषांत सुमारे ९०० लोकांवर तो झाला, तेव्हा सरासरी ७२ टक्क्यांनी अपेक्षित उत्तर दिलं. उंच स्वर उजळ आणि खर्ज गडद वाटणंही असंच सर्वत्र आढळतं. आणखी एक गोष्ट, मूक चित्रफितीत दिवा लुकलुकताना किंवा काही आदळताना पाहिलं की मनात आवाज ऐकू येतो असं सांगणारे, एका ब्रिटिश सर्वेक्षणात, पाचातले एक निघाले.

तरीही रेषा आहे असं मी म्हणेन. किकी टोकदार 'वाटतो', तुम्ही विचार करून निवडता. माझा ५ मला न विचारता हिरवा असतो.

गोड गळा, तिखट बोलणं, नवरात्रीचे रंग, हे सगळं सिनेस्थेशियाच की!

नाही. हे भाषेचं आणि संस्कृतीचं देणं आहे. 'गोड गळा' म्हणताना जिभेवर साखर येत नाही, आणि तो सगळ्या मराठी माणसांना सारखाच गोड असतो. नवरात्रात सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा हे वाराप्रमाणे ठरतं आणि सगळं ऑफिस त्या रंगात येतं. सगळ्यांचा मंगळवार लाल, म्हणूनच तो सिनेस्थेशिया नाही. माझा मंगळवार शेवाळी आहे. त्या दिवशी लाल साडी नेसून दिवसभर वावरताना मला काहीतरी खटकत राहतं.

नाट्यशास्त्रात रसांना रंग दिलेत. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण पारवा, रौद्र लाल, भयानक काळा, अद्भुत पिवळा. तीही परंपरेने ठरवून दिलेली, सर्वांनी शिकायची मांडणी आहे.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाची आठवण मात्र इथे काढल्यावाचून राहवत नाही. शब्द खरा कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस आमचा, नाकाला त्यात परिमळ वाटतो, डोळ्यांना रूपाची खाण उघडल्याचं समाधान मिळतं आणि बाहू त्या बोलाला कवटाळायला पुढे होतात, असं माउलींनी तिथे इंद्रियांचं भांडण रंगवलं आहे. त्यावरून त्यांना सिनेस्थेशिया होता असं कुणी म्हणू नये. पण एका शब्दावर सगळ्या इंद्रियांनी हक्क सांगावा ही कल्पना सव्वासातशे वर्षांपूर्वी मराठीत इतक्या नेमकेपणाने आली, याचा मला अतोनात आनंद होतो.

हा आजार आहे का? डॉक्टरांना दाखवावं का?

आजार नाही. मानसिक आजारांच्या प्रमाण सूचीत त्याला स्थान नाही आणि त्यावर उपचार करायचं कारण नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. २०१३ च्या अभ्यासात त्यांच्यात सुमारे १९ टक्के, तर इतरांत ७ टक्के. पण बहुसंख्य सिनेस्थेट स्वमग्न नसतात.

डॉक्टरांकडे जायचं ते तेव्हा, जेव्हा मोठेपणी हे अचानक सुरू होतं. डोक्याला मार लागल्यावर, पक्षाघातानंतर, नजर कमी होताना, झटक्यांच्या किंवा अर्धशिशीच्या वेळी, एखादं नवं औषध सुरू केल्यावर. अशा वेळी थांबू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

फायदा काय? स्मरणशक्ती जबरदस्त असते म्हणे.

दोन प्रसिद्ध माणसांमुळे हा समज पसरला. रशियातले सॉलोमन शेरेशेव्स्की, ज्यांच्यावर मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी अनेक वर्षं अभ्यास केला, आणि इंग्लंडचे डॅनियल टॅमेट, ज्यांनी १४ मार्च २००४ रोजी गणितातल्या 'पाय' (π) या संख्येचे २२,५१४ अंक पाच तासांहून थोड्या अधिक वेळात म्हणून दाखवले. दोघंही अपवादात्मक आहेत. सर्वसाधारण सिनेस्थेटाला, विशेषतः रंगांशी संबंध असलेल्या गोष्टी, थोड्या जास्त लक्षात राहतात, इतकंच. फोन नंबर मला पट्टीसारखा आठवतो आणि एखादा आकडा चुकला की रंग बिनसतो.

त्रासही असतो. दोन माणसांच्या नावांचा रंग एकच असला की मी सुनीताला सरिता म्हणते. गणितात ३ आणि ५ यांची बेरीज करताना पिवळा आणि हिरवा मिळून राणी रंग कसा होतो, हे शाळेत मला कुणी समजावू शकलं नाही. आणि पाहिलेला स्पर्श स्वतःला जाणवणाऱ्यांना मारामारीचे सिनेमे अक्षरशः पाहवत नाहीत.

कलाकारांत जास्त असतं का?

कलेकडे ओढा असलेले सिनेस्थेट बरेच आढळतात. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां यांना स्वरसमूह ऐकताना मनात रंग दिसत आणि त्याबद्दल त्यांनी भरभरून सांगितलं आहे. रशियन संगीतकार स्क्र्याबिन यांनी १९१० च्या आपल्या रचनेत प्रकाशाच्या वाद्यासाठी वेगळी ओळ लिहिली, पण त्यांचे रंग सुरांच्या ठरावीक चक्राप्रमाणे इतके नीट लागतात की ते जाणवलेले नसून रचलेले असावेत असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं, खरे रंग इतके शिस्तीत येत नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना समीकरणांतली अक्षरं रंगीत दिसत, त्यांचा 'एक्स' गडद तपकिरी होता.

सराव करून येतं का?

ससेक्स विद्यापीठात २०१४ मध्ये प्रौढांना नऊ आठवडे अक्षर-रंगांच्या जोड्यांचा कसून सराव दिला. शेवटी अनेकांना अक्षरांसोबत रंग जाणवायला लागले, रस्त्यावरच्या पाट्या वाचतानासुद्धा. तीन महिन्यांनी ते बहुतेक ओसरलं होतं.

मला तर डोळे मिटले की काहीच दिसत नाही. रंग सोडा, आईचा चेहराही नाही.

याला अफँटेशिया म्हणतात. २०१५ मध्ये अॅडम झीमन आणि सहकाऱ्यांनी हे नाव दिलं. मात्र गॉल्टन यांनी १८८० मध्येच लोकांना आपल्या न्याहारीचं टेबल डोळ्यांसमोर आणायला सांगितलं होतं आणि काही जणांना काहीच दिसलं नव्हतं. तोही आजार नाही. अशा काही लोकांना सिनेस्थेशियाही असतो. त्यांना रंग दिसत नाही, पण कोणता ते ठाम माहीत असतं.

माझी मुलगी म्हणते चार चिडका आहे आणि सहा त्याची आई आहे. काय करू?

ऐका, आणि आणखी विचारा. आकड्यांना स्वभाव आणि नाती असणं हा सिनेस्थेशियाचा नोंदलेला प्रकार आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांत या जोड्या अजून पक्क्या होत असतात, पुढच्या काही वर्षांत त्या स्थिर होतात. त्यामुळे आज चार चिडका आणि पुढच्या महिन्यात शहाणा झाला तर ती खोटं बोलतेय असं समजू नका. 'काहीतरीच काय' एवढं एकदा ऐकलं की मूल पुढची वीस-वीस वर्षं गप्प बसतं. किती जणांनी मला हेच सांगितलं आहे. वर्गात अंकांचे रंगीत तक्ते असतील आणि ती आकड्यांत गोंधळत असेल, तर तिच्या बाईंना एकदा सांगून ठेवा. चुकीच्या रंगातला आकडा वाचायला तिला खरोखर वेळ लागत असेल.

मला आहे की नाही हे घरच्या घरी कसं पाहू?

रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड आणा. त्यात इतक्या छटा असतात की नुसतं 'निळा' लिहून भागत नाही. मुळाक्षरं, शून्य ते नऊ आकडे आणि सात वार एका कागदावर क्रम मोडून लिहा. प्रत्येकासमोर मनात येईल त्या छटेचा नंबर टाका. जिथे काहीच येत नाही तिथे रेघ मारा, रिकाम्या जागाही खऱ्या असतात. माझ्या 'ठ'ला आजवर रंग आलेला नाही. कागद कुणाकडे तरी द्या आणि तीन-चार महिन्यांनी, मध्ये न पाहता, नवा कागद भरा. बहुतेक छटा त्याच किंवा शेजारच्या आल्या तर तुम्ही सिनेस्थेट असण्याची शक्यता चांगली आहे. नवरात्रीच्या रंगांशी तंतोतंत जुळणारे वार मात्र हिशेबात धरू नका.

दुसऱ्या कुणाला विचारायचं असेल तर 'तुला अक्षरं रंगीत दिसतात का?' असं विचारू नका. बहुतेक सिनेस्थेट याला नाही म्हणतील, कारण त्यांना शाई काळीच दिसते. सरळ विचारा, 'बुधवार कुठल्या रंगाचा?' नसलेला माणूस 'म्हणजे?' असं विचारतो. असलेला तुमचं वाक्य संपायच्या आत छटेसकट उत्तर देतो, आणि मग लगेच तुमचा बुधवार कोणत्या रंगाचा ते विचारतो.